नॉन्स लावणं सोपं, ऑनक्लिक काढणं अवघड

आमच्या वेब ॲप्लिकेशनच्या सीएसपी हेडरमध्ये, म्हणजे पेजवर कोणत्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हे ब्राउझरला सांगणाऱ्या पॉलिसीत, ‘अनसेफ-इनलाइन’ बरीच वर्षं ठाण मांडून होतं. ते असेपर्यंत पेजमध्ये कुणी घुसवलेली इनलाइन (एचटीएमएलमध्येच लिहिलेली) स्क्रिप्टही बिनदिक्कत चालते, मग एक्सएसएसविरुद्ध, म्हणजे अशा घुसखोर स्क्रिप्टच्या हल्ल्याविरुद्ध, पॉलिसी लावून उपयोग काय? ते काढून नॉन्स, म्हणजे आपल्या स्क्रिप्टची ओळख पटवणारी एकदाच वापरायची व्हॅल्यू, आणायचं काम माझ्याकडे आलं.

सर्व्हरवरचा भाग लवकर उरकला. प्रत्येक रिस्पॉन्ससाठी क्रिप्टोग्राफिक जनरेटरमधून नवी, किमान 128 बिटांची रँडम व्हॅल्यू काढायची, हेडरमध्ये आणि आपल्या स्क्रिप्ट टॅगवर तीच टाकायची. जुळली तर ब्राउझर स्क्रिप्ट चालवतो. टीममध्ये एक सूचना आली होती, की मिडलवेअरनेच (रिस्पॉन्स बाहेर पडण्याआधी त्यावर चालणाऱ्या सर्व्हरवरच्या कोडने) तयार एचटीएमएलमधल्या सगळ्या स्क्रिप्ट टॅगना नॉन्स चिकटवावा. मी ठाम नकार दिला. तसं केलं तर हल्लेखोराच्या टॅगलाही आपणच परवाना देतो. नॉन्स टेम्प्लेटमध्ये, हातानेच लावायचा.

वेळ खाल्ला तो ऑनक्लिकने, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारा कोड एचटीएमएल टॅगमध्येच लिहिण्याच्या सवयीने. नॉन्स फक्त स्क्रिप्ट टॅगला लागतो, बटणावरच्या ऑनक्लिकला नाही, त्यामुळे ‘अनसेफ-इनलाइन’ काढलं की तो अडतो. आधी रिपोर्ट-ओन्ली हेडर लावला. त्यात काहीच अडत नाही, पण कन्सोलमध्ये एकेक उल्लंघन दिसतं. ‘डिलीट’च्या बटणावर ऑनक्लिकमध्ये रेकॉर्डचा आयडी थेट लिहिलेला होता. तो डेटा-आयडी ॲट्रिब्यूटमध्ये हलवला आणि पूर्ण टेबलला मिळून एकच इव्हेंट लिसनर लावला. असं स्क्रीनमागून स्क्रीन. कंटाळवाणं आहे, पण खरी सुरक्षितता इथेच मिळते.

पुढची अडचण कॅशची. सीडीएनवर (पेजची तयार प्रत साठवून सगळ्यांना देणाऱ्या सर्व्हरवर) कॅश होणाऱ्या पेजेसमध्ये सगळ्यांना एकच नॉन्स जातो, म्हणजे तो आधीच कळू शकतो. तिथे नॉन्स सोडून स्क्रिप्टच्या मजकुराचा शा-256 हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) हेडरमध्ये दिला. स्क्रिप्टमध्ये एक स्पेस बदलली तरी हॅश बदलतो, म्हणून तो बिल्डमध्येच काढतो.

डीबग करताना लक्षात ठेवा: ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या एलिमेंट्स टॅबमध्ये नॉन्स रिकामा दिसतो. सीएसएस सिलेक्टरने तो चोरता येऊ नये म्हणून ब्राउझर मुद्दाम लपवतो. स्क्रिप्ट एलिमेंटच्या नॉन्स प्रॉपर्टीत तो मिळतो.

बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्ट ‘स्ट्रिक्ट-डायनॅमिक’वर (विश्वासाच्या स्क्रिप्टने आणलेल्या स्क्रिप्टलाही परवानगी देणाऱ्या पर्यायावर) निभावल्या, फक्त एक स्क्रिप्ट पेजमध्ये थेट एचटीएमएल लिहिणारं डॉक्युमेंट.राइट वापरत होती. ती अडकली, आणि मी ती काढूनच टाकली. आता रिपोर्ट-ओन्ली जाऊन खरा हेडर लागला आहे. स्टाइल-एसआरसीमध्ये (पॉलिसीतल्या स्टाइलच्या नियमात) मात्र ‘अनसेफ-इनलाइन’ अजून आहे, कारण जागोजागी स्टाइल ॲट्रिब्यूट आहेत. पुढचं काम तेच.