वर्दीतला रस्तेवाला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘वडील फौजेत होते, तरी लढाईवरचे विनोदी सिनेमे कसे बघवतात तुम्हाला?’ हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि बहुतेक वेळा ‘द स्क्वेअर पेग’वरून येतो, कारण घरी येईल त्याला मी तो दाखवते.

१९५८चा ब्रिटिश कृष्णधवल सिनेमा. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. विनोदी नट नॉर्मन विस्डमचा पिटकिन हा नगरपालिकेचा रस्तेदुरुस्ती कामगार. त्याचं खोदकाम नेमकं लष्करी तळासमोर चाललेलं. शिपायांशी त्याची रोज हुज्जत. शेवटी त्याला आणि त्याचे साहेब ग्रिम्सडेल यांना सैन्यात ओढतात, आणि काम देतात ते पुन्हा रस्त्याचंच! पुढे दोघं चुकून पॅराशूटनं शत्रूच्या मुलखात उतरतात. तिथला जर्मन जनरल हुबेहूब पिटकिनसारखा. तोही विस्डमच. चेहरा तोच, पण मान ताठ, जबडा आवळलेला; बघताना अंगावर काटा येतो. मधला प्रेमाचा भाग मला फिका वाटतो.

वडील खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले. रस्ते, पूल बांधण्यातच त्यांची सारी नोकरी सरली. त्यांना हा सिनेमा पहिल्यांदा लावून दिला तेव्हा माझ्या मनात धाकधूक होती. पडापडीला ते फारसे हसले नाहीत. खड्ड्याच्या भांडणात मात्र खुर्चीत पुढे सरकले. “बरोबर आहे त्याचं,” म्हणाले, “रस्ता अर्धा उखडून ठेवून उठायचं म्हणजे काय?”

तेव्हा मला उलगडलं. पिटकिनला वर्दी चढवली तरी तो आपलं काम विसरत नाही. फौजेत जाणारा प्रत्येक जण आधी कुठला तरी कामकरी, कुणाचा तरी मुलगा असतो, हे या सिनेमाला ठाऊक आहे. म्हणून त्यातलं हसणं मला कधी सैनिकाच्या अपमानाचं वाटलं नाही.

विस्डम स्वतः सैनिक होता. लंडनच्या गरिबीत, मारकुट्या बापाच्या हाताखाली वाढलेला हा मुलगा दहाव्या रॉयल हुसार्स पलटणीच्या बँडमध्ये भरती झाला आणि पलटणीबरोबर थेट लखनौला आला. तिथे मुष्टियुद्धही खेळला. हे वडिलांना सांगितलं तर म्हणाले, “तरीच! कवायत येते त्याला.”

त्यांना ऐकू कमी यायचं. आता ते नाहीत, पण खड्ड्याचा प्रसंग आला की माझा हात अजून आवाज वाढवायला जातो.