मोडी येतं ना, मग आमचे कागद का नाही वाचत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो, कारण दर लग्नात, दर व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारतंच की घराण्याचे कागद वाचायला नाही का म्हणता. भाव खात नाही हो. पैसे तर कधीच घेतले नाहीत.

6 वर्षांपूर्वी एका काकांकडे गेलो होतो. पेशव्यांची सनद आहे, पूर्वज सरदार, खाली कट्यारीची खूण, असं फोनवर सांगितलेलं. घरात वीसेक पाहुणे, पेढे आणलेले. लाल फडक्यातून कागद निघाला तो लॅमिनेट केलेला (हे कृपया करू नका). शिक्का नाही, शेवटी मोर्तब सुद (सरकारी कागद संपल्याची मोहोर) नाही. शके 1703, प्लवनाम संवत्सर, म्हणजे 1781-82. सावकाराचं कर्जखत निघालं, आणि ती कट्यार नव्हतीच, नांगर होता. सही न येणारे पाटील-कुणबी निशाणी म्हणून नांगर काढायचे, कट्यार शिपायांची. मी हे भर बैठकीत, जरा मजा घेतच सांगितलं. "काका, सरदार कुठले, कर्जदार होते." एक पोरगा फिस्सकन हसला. काका कागदाची घडी घालायला लागले, लॅमिनेशनची कसली घडी होतेय, तरी घालतच होते.

मग काय खोटं बोलायचं होतं? नाही, ते मी आजही बोलणार नाही. पण खरं तरी पूर्ण कुठे सांगितलं? कर्ज कशासाठी ते खतात होतं, गावचा वसूल भरायला. मी वाचलंही होतं. तेव्हा इंग्रजांशी लढाई चालू, नाना फडणिसांना पैसा हवा, कमाविसदाराचा, म्हणजे वसुली अधिकाऱ्याचा, तगादा गावावर आणि गावाचा शेतसारा पाटलाच्या गळ्यात, रयतेकडे असो नसो. काकांचा हा पूर्वज स्वतःच्या नावावर कर्ज काढून मोकळा झाला. अर्थात पुढे त्याने ते रयतेकडूनच दामदुपटीने काढलं असेल, पाटील काही संत नव्हते. म्हणजे बघा, आत्तासुद्धा मी तेच करतोय.

परतताना एसटीत डोक्यात आलं की कर्जखत तर सावकाराकडे असतं, ऋणकोच्या ट्रंकेत कसं? फिटलं की फाडून परत द्यायचे. कागद वरून बोटभर फाटलेला होता, मला वाटलं जुनाट म्हणून.

काकांचा नंबर अजून आहे माझ्याकडे. फोन केलेला नाही.