काब्रेरे ते बूझिएस: दुवा सापडला

मंडळी, दुवा सापडला. दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये लॉट नदीच्या खोऱ्यात मी पळायचा एक मार्ग आखतोय, त्यातला एकच तुकडा अडला होता. काब्रेरे गावाहून बूझिएस गावाला परत येताना डी४१ या मोटार रस्त्यावर जे चार किलोमीटर गाड्यांना अंग चोरत पळावं लागत होतं, ते डांबर आता सव्वा किलोमीटरवर आलंय. शनिवारी दुपारी वरच्या बाजूनं उतरून पुन्हा लॉटचं पाणी दिसलं तेव्हा मी घड्याळ थांबवायचंच विसरलो. नोव्हेंबरपासून याच एका तुकड्यावर अडकलो होतो, त्यामुळे आजची बहुतेक नोंद त्याचीच आहे.

नकाशा आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आठचा आकडा, मधोमध बूझिएसचा पूल. दक्षिणेचं वर्तुळ म्हणजे पाण्याकाठचा आलाज, म्हणजे होड्या ओढायची जुनी वाट, सँ-सिर्क-लापोपी गाव, तिथून पठारावर आणि वरूनच परत. उत्तरेचं वर्तुळ म्हणजे जीआर ६५१ या खुणा केलेल्या लांब पायवाटेनं वर चढायचं, पेश मेर्लच्या टेकडीवरून सेले नदीच्या काठी काब्रेरेत उतरायचं आणि मग... इथंच घोडं अडलेलं होतं. सेले या भागात अरुंद खोऱ्यातून वाहते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोक्यावर आलेला चुनखडीचा कडा आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम रस्ता मावलाय. कडेला पांढऱ्या पट्टीबाहेर पाऊल ठेवायला जागा नाही. वळणावर समोरून व्हॅन आली की कड्याला पाठ लावून उभं राहायचं. हा रूट मी कुणाला सुचवू शकत नव्हतो, म्हणून जीपीएक्सही, म्हणजे घड्याळात टाकायची मार्गाची फाइलही, दिली नव्हती.

पहिला प्रयत्न नोव्हेंबरातला. हीटमॅपवर, म्हणजे लोक कुठून पळालेत ते दाखवणाऱ्या नकाशावर, नदीच्या समोरच्या अंगानं एक फिकट रेघ दिसत होती, तिच्यावर भरवसा ठेवून गेलो. रेघ संपली ती बुक्सुसच्या जाळीत. इथल्या पठारावर ही झुडपं सगळीकडे आहेत. मध्यंतरी पूर्व आशियातून आलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी ती मैलोगणती सोलून खाल्ली. काही ठिकाणी ती परत फुटली आहेत, काही ठिकाणी वाळलेल्या काटक्यांची भिंत उरली आहे. मला भेटली ती वाळलेली भिंत. ३०० मीटरला ४० मिनिटं लागली, दोन्ही पोटऱ्या रक्तबंबाळ झाल्या, आणि पुढे तारेचं कुंपण. परत फिरलो.

दुसरा प्रयत्न जानेवारीत. या वेळी नीट अभ्यास करून आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावरची तुटक रेघ धरली. माझं मत पुन्हा सांगतो: कोणतंही अॅप वापरा, पण या खोऱ्यात कागदाचा आयजीएन पाठीवर हवाच. उंचीच्या रेषा इतक्या दाट आहेत की फोनच्या चार इंचांत त्या वाचता येत नाहीत. पण आयजीएनची तुटक रेघ एवढंच सांगते की जमिनीवर तिथं वाट आहे. त्या वाटेनं जायचा तुम्हाला हक्क आहे असं ती म्हणत नाही. दोन किलोमीटर आत गेल्यावर साखळी आली आणि तिच्यावर खासगी मालमत्तेची पाटी. इथं पाटी म्हणजे पाटी. २ फेब्रुवारी २०२३ च्या कायद्यापासून, मालकानं खासगी हद्द अशी स्पष्ट दाखवली असेल तर आत शिरल्याबद्दल १३५ युरो दंड होऊ शकतो. दंडाचं सोडा, ज्या खोऱ्यात आपण दर महिन्याला पळायला येतो तिथल्या लोकांशी वाकडं घेऊन कसं चालेल? पुन्हा परत, पुन्हा डी४१.

त्यानंतर तीन आठवडे मी पळण्यापेक्षा संध्याकाळी तुलूझला घरी बसून कादास्त्र वाचण्यातच जास्त वेळ घालवला. गावचा जमिनीचा नकाशा, आपल्याकडच्या गट नकाशाचा भाऊ. तो सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो आणि हवाई फोटोवर पारदर्शक करून ठेवता येतो. त्यात एक गोष्ट कळली, ती तुम्हा सगळ्यांना उपयोगी पडेल. प्रत्येक खासगी तुकड्याला क्रमांक असतो. सार्वजनिक रस्ते आणि शमँ रुराल, म्हणजे गावाच्या मालकीच्या पण सगळ्यांना वापरायला खुल्या वाटा, यांना सहसा क्रमांक नसतो. नकाशावर त्या दोन शेतांमधली कोरी पट्टी म्हणून दिसतात. ही सरळसरळ आपली पाणंद! सांगलीला आजोळी दोन बांधांमधून बैलगाडी जायची ती पाणंद. कागदावर तशीच दिसते, आणि तशीच शेजाऱ्यांच्या कुंपणाखाली हळूहळू गडपही होते.

हे डोक्यात आल्यावर तुटक रेघा सोडून दिल्या आणि फक्त कोऱ्या पट्ट्या शोधल्या. काब्रेरेच्या बाजूनं एक पट्टी वर चढते. कड्याच्या माथ्यावर ती एका खासगी तुकड्यापाशी तुटल्यासारखी दिसते आणि पलीकडे साधारण २०० मीटरवर पुन्हा सुरू होते. या २०० मीटरचं काय, हाच प्रश्न उरला होता.

शनिवारी पहाटे निघालो तेव्हा खोऱ्यात धुकं इतकं होतं की पुलावरून पाणी दिसत नव्हतं. हेडलॅम्प लावून जीआर ६५१ चा चढ पॉवर हाइकनं, म्हणजे न पळता जोरात चालत, घेतला. नदी साधारण १३० मीटरवर, पठार ३०० च्या वर. अडीचशेच्या आसपास एकदम डोकं धुक्याबाहेर आलं. खाली दोन्ही खोऱ्यांत दुधाची नदी भरलेली, वर ओकांची निष्पर्ण झाडं आणि दगडावर कोवळं ऊन. इथं हिवाळ्यात असं बऱ्याचदा होतं, तरी मी दर वेळी थांबतो. या वेळी जवळजवळ दहा मिनिटं बसलो. स्प्लिट, म्हणजे त्या टप्प्याची वेळ, गेली तर जाऊ दे.

पेश मेर्लच्या टेकडीवरून जाताना तुम्हीही वेग थोडा कमी करा. पायाखालच्या गुहेत ठिपक्यांचे घोडे आहेत, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. १९२२ मध्ये गावातल्या दोन मुलांना ती चित्रं सापडली. मला मात्र घोड्यांपेक्षा तिथले पावलांचे ठसे जास्त लक्षात राहिलेत. आत चिखलात एका लहान वयाच्या माणसाची अनवाणी पावलं उमटलेली आहेत. दिवसाला ७०० लोकांनाच आत सोडतात, म्हणून आधी तिकीट काढून एकदा तरी बघा. पण पळायच्या दिवशी नको, आत पायऱ्या आहेत आणि अंग गार पडतं.

तर काब्रेरे. गावाबाहेर कोरी पट्टी सुरू होते तिथं एक आजोबा द्राक्षवेलीची छाटणी करत होते. मी बोंझूर म्हणालो, नकाशा दाखवला आणि सरळ विचारलं की वर जायला वाट आहे का. त्यांनी नकाशाकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "भिंती बघा. दोन्ही बाजूंना भिंत असेल तर ती वाट गावाची. एकाच बाजूला असेल तर ते माझं शेत."

चार महिन्यांत मला एकाही अॅपनं हे सांगितलं नव्हतं. या पठारावर शेतातून वेचलेल्या दगडांच्या, चुना-मातीशिवाय रचलेल्या भिंती जागोजागी आहेत. मेंढरं हाकताना ती शेतात शिरू नयेत म्हणून जुन्या वाटांना दुहेरी भिंत असायची. मग मी झाडं आणि खुणा बघायचं सोडलं, भिंतींवरच नजर ठेवली. वर माथ्यावर, जिथं कागदावर वाट तुटते, तिथं डावीकडची भिंत ढासळून वाटेतच पसरली होती. दगडांचा ढीग ओलांडल्यावर पलीकडे शेवाळाखाली दुसरी भिंत, आणि तिच्या समोर पहिली पुन्हा उभी! २०० मीटर नाहीत, जेमतेम ८० मीटरचा अडथळा होता. एक पडकं दगडी खोपटंही लागलं, गोल छपराचं, इथं त्याला गारिओत म्हणतात. आत बसून खजूर खाल्ला. त्या खजुराची चव अजून तोंडात आहे.

उतार मात्र वाईट आहे. सह्याद्रीत आपण घसरतो ते मुरमावर. इथं सुट्ट्या, टोकदार चुनखडीवर घोटा मुरगळतो, आणि ओली झाली की हीच चुनखडी साबणासारखी होते. तळव्याला खोल लग्ज, म्हणजे उंच खुंट्या, असलेले बूट इथं कामाचे नाहीत असं माझं ठाम मत झालंय. ते चिखलासाठी ठीक. या दगडाला मऊ, चिकट रबर आणि पुढे बोटांवर जाड टोकॅप लागतो. काओरच्या एका दुकानात मला नेमकं उलट सांगून बूट विकले होते, ते आता फक्त बागकामाला.

घड्याळाचंही सांगतो, कारण ते अंतर चुकीचं का दाखवतं असं मागच्या नोंदीवर दोघांनी विचारलं होतं. बूझिएसच्या पुढे आलाज थेट कड्यात कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात मालाच्या होड्या प्रवाहाविरुद्ध दोरांनी ओढून नेण्यासाठी तो खोदला. छत दगडाचं, एक बाजू दगडाची, म्हणजे अर्ध्याहून जास्त आकाश झाकलेलं, आणि जे सिग्नल येतात तेही कड्यावर आपटून. माझ्या ट्रेसमध्ये, म्हणजे घड्याळानं काढलेल्या मार्गाच्या रेघेत, मी दोनदा नदी ओलांडून परत आलोय. मल्टिबँड, म्हणजे एकाहून जास्त लहरींवर उपग्रहाचे सिग्नल घेणं, लावल्यावर फरक पडतो, पण बॅटरी भराभर उतरते. मी आता त्या तुकड्याचं अंतर नकाशावरूनच मोजतो. घड्याळ २३.६ किलोमीटर म्हणालं, माझ्या मते आठचा पूर्ण आकडा २२ किलोमीटरच्या आत आहे. चढ सुमारे ७५० मीटर. आणि आलाजला जायच्या आदल्या रात्री व्हिजिक्रू या पुराची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर लॉटची पातळी बघाच. नदी फुगलेली असेल तर पठारावरूनच जा.

इथपर्यंत लिहिलं आणि ट्रेस पुन्हा उघडून बघताना लक्षात आलं की उत्तरेचं वर्तुळ मी उलट दिशेनं आखायला हवं. नवी पाणंद उतरायला घातक आहे, पण चढायला सुरेख. जीआर ६५१ ची वाट उतरायला कितीतरी सोपी. शिवाय सव्वा किलोमीटरचं डांबर मग सकाळी लवकर, रस्ता रिकामा असताना संपेल. काब्रेरेत पाणी आधी भरायचं की नंतर, तेवढंच बदलतं. वर पठारावर पाण्याचा थेंब नाही, पाऊस पडतो तो सगळा दगडात मुरतो, म्हणून दोन्ही फ्लास्क भरूनच चढा. गावांत दफनभूमीच्या नळाला पाणी मिळतं, पण पिण्याचं नाही अशी पाटी आहे का तेवढं पाहा.

म्हणजे मी पुढच्या आठवड्यात दक्षिणेचं वर्तुळ मोजणार होतो, ते मागे पडलं. आधी उत्तर उलटं.

जीपीएक्स आजही देत नाही, रागावू नका. सोमवारी गावच्या मेरीत, म्हणजे ग्रामकार्यालयात, फोन केला. कार्यालय आठवड्यातून मोजकेच तास उघडतं, पण सचिव बाई अतिशय आपुलकीनं बोलल्या. ती पट्टी शमँ रुरालच आहे, हे त्यांनी कागद बघून सांगितलं. चालण्याच्या वाटांची जिल्ह्याची यादी असते, त्या यादीतली वाट विकायची तर गावाला बदली वाट द्यावीच लागते. ही वाट त्या यादीत आहे का, ते त्या बघून कळवणार आहेत. पडक्या भिंतीचे दगड बाजूला रचायला परवानगी मिळेल का, तेही विचारलंय. त्यांचं उत्तर येईपर्यंत नेमकी जागा मी लिहीत नाही. आजोबांनाही तसा शब्द दिलाय.

शिकारीचा सर्वसाधारण हंगाम या महिनाअखेर संपतोय, पण पठारावर रानडुकरांची हाकाटी चालू असते. शनिवार-रविवार जाणार असाल तर भडक नारिंगी जाकीट घाला, आणि वाटेत शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर तिथूनच फिरा.

मी ७ मार्चला पहिल्या गाडीनं तुलूझहून काओरला, तिथून फिजाकच्या बसनं बूझिएसच्या पुलाशी येतोय. ८० मीटरचे दगड हलवायचे झाले तर चार हात हवेत. हातमोजे माझ्याकडे दोन जोड आहेत.