पॉवर स्टिअरिंगमधलं पाणी : पोळ्यापासून आजवरचं काम

पोळ्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर धुतला. आमच्याकडे बैलजोडी राहिली नाही, त्यामुळे पूजा आता ट्रॅक्टरचीच होते. मॉडेल १९९६ चं, वडिलांनी घेतलेलं. पॉवर स्टिअरिंगचा किट मात्र मी मागाहून बसवला आहे : वेगळी टाकी, बेल्टवरचा पंप, ऑर्बिट्रॉल (स्टिअरिंग फिरवलं की ऑइल हव्या त्या बाजूला सोडणारा व्हॉल्व्ह) आणि पुढे चाकं वळवणारा एक सिलिंडर. आठेक दिवसांनी केळीच्या बागेत खत नेताना वळणावर स्टिअरिंग झटके देऊ लागलं, पंपही घुंघुं करू लागला. टाकीचं झाकण उघडलं तर आत पांढरं ताक!

आधी वाटलं, कुठून तरी हवा ओढतोय. म्हणून थोडं ऑइल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवलं. हवा असती तर फेस बसून ऑइल स्वच्छ झालं असतं. सकाळी बाटली तशीच दुधाळ. मग जुन्या तव्यावर एक थेंब टाकला, मोहरीसारखा तडतडला. पाणीच. (हे करताना चेहरा लांब ठेवा, थेंब उडतात.)

पहिल्या रविवारी टाकी रिकामी करून पुसली आणि नवं ६८ नंबरचं (हा ऑइलच्या घट्टपणाचा नंबर) हायड्रॉलिक ऑइल भरलं. दोन दिवसांत तेही पांढरं. गावातल्या मिस्तरींना दाखवलं तर ते एवढंच म्हणाले, “दादा, सिलिंडरना पोटमा काय शे, ते देखं का?” तिथेच माझं चुकलं होतं. टाकीत जेमतेम निम्मं ऑइल असतं. उरलेलं सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना, होजमध्ये (रबरी नळ्यांमध्ये) आणि ऑर्बिट्रॉलमध्ये अडकून राहतं आणि नव्या ऑइललाही नासवतं.

दुसऱ्या रविवारी मुळापासून काम केलं. पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर घेतला, नुसत्या जॅकवर ठेवला नाही. सिलिंडरचे दोन्ही होज सोडले आणि चाकं हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. दोन्ही तोंडांतून गढूळ पांढरं पाणी-ऑइल भळाभळा बाहेर आलं. होज परत लावले. मग टाकीचा रिटर्न होज (ऑइल टाकीत परत आणणारी नळी) काढून डब्यात सोडला, टाकीचं ते तोंड बुचाने बंद केलं आणि धाकट्या भावाला इंजिन हळू चालवायला सांगितलं. मी स्टिअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवत होतो. टोकाला दाबून धरायचं नाही, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ऑइल तापतं. टाकी रिकामी व्हायच्या आत इंजिन बंद, पंप कोरडा चालता कामा नये. असं तीनदा भरलं, तीनदा काढलं. तिसऱ्या खेपेला डब्यात मधासारखं ऑइल आलं, तेव्हा भावाचा आणि माझा दोघांचाही जीव भांड्यात पडला.

डिझेलने धुवा, असं बरेच जण सांगतात. मी नाही धुतलं. डिझेल पातळ, पंपाला वंगण मिळत नाही, आणि आत राहिलेलं डिझेल नव्या ऑइललाही पातळ करतं. सहा लिटर ऑइल गेलं, पण पंपापेक्षा ते स्वस्तच.

पाणी शिरलं कुठून? टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला बारीक भोक आहे आणि झाकणाभोवती खोलगट जागा. धुताना तिथे पाणी साचलं. ऑइल तापलेलं होतं; वरून गार पाणी पडल्यावर आतली हवा आक्रसली आणि साचलेलं पाणी भोकातून आत ओढलं गेलं. झाकणाखालची रबर रिंगही कडक होऊन तडकली होती. रिंग बदलली, झाकणावर जुन्या ट्यूबचा टोप बसवला. आता गरम इंजिनावर पाणी मारणं बंद, आणि पाण्याचा फवारा टाकीकडे नाहीच.

स्टिअरिंग पुन्हा एका बोटाने वळतं. पंपाच्या शाफ्टजवळ मात्र किंचित ओल दिसते, सील पाण्याने खराब झालं असावं. सील किट धुळ्याहून आणलाय. या रविवारी पंप उतरवतो, आतल्या दातांवर गंज धरलाय का तेही तेव्हाच कळेल.