तुमचा मालकच नाही, तर युनियन कुणाविरुद्ध?

मी कोल्हापुरात ॲपवरून येणारी जेवणाची पार्सलं पोचवतो. संघटनेचं नाव काढलं की गिऱ्हाइकापासून पाहुण्यांपर्यंत सगळे हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

माझ्या आबांनी शाहू मार्केट यार्डात तीस वर्षं गुळाचे रवे उचलले. सकाळी एका अडत्याकडं, दुपारी दुसऱ्याकडं. एक मालक त्यांनाही नव्हता. १९६९ च्या माथाडी कायद्यानं त्यावर वाट काढली: हमाल आणि व्यापारी दोघांचीही नोंद सरकारनं नेमलेल्या माथाडी मंडळाकडं. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या काही टक्के जादा रक्कम, मंडळात भरायची, तिथून हमालाला पगार, फंड, ग्रॅच्युइटी. पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी लढून मिळवलेला कायदा आहे हा. आबांनी काम सोडलं तेव्हा हातात फंडाचा चेक होता. तो चेक मी पाहिलाय.

मला ॲप ‘पार्टनर’ म्हणतं, कामगार नाही. गेल्या पावसाळ्यात राजारामपुरीतून आर. के. नगरला तांबडा-पांढरा घेऊन निघालो. पिशवीत पांढरा सांडला, तक्रार झाली आणि रात्री आयडी बंद. डबा हॉटेलनंच नीट बांधला नव्हता, पण सांगायचं कुणाला? चॅटवर तेच उत्तर तीनदा आलं. चार दिवस गाडी दारात उभी, हप्ता मात्र चालूच.

दर कापले तेव्हा आम्ही एका रविवारी लॉगआउट केलं. दसरा चौकात चाळीसेक पोरं जमली. दुपारी ॲपनं इन्सेन्टिव्ह वाढवला आणि आठपर्यंत निम्मी पोरं ऑर्डरी घ्यायला लागली. त्यांच्यावर माझा राग नाही, एकाला दुसऱ्या दिवशी पोरीची फी भरायची होती. गाठीला पैसा नसेल तर संप एक दिवसही टिकत नाही. तेव्हापासून आम्ही दर आठवड्याला पन्नास रुपये काढतो. कावळा नाक्यावर एकाचा घसरून हात मोडला, त्याच्या घरी दोन आठवड्यांचं रेशन त्यातूनच गेलं.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आमचं नाव आलंय, प्लॅटफॉर्म कामगार म्हणून. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के आमच्या सुरक्षेसाठी द्यायचे, असं त्यात लिहिलंय. पण कागदावरचं पदरात पाडून घ्यायला मागणारा लागतो, आणि एकटा मागायला गेला की त्याचा आयडी जातो.

युनियनच्या नोंदणीच्या अर्जाला किमान सात सह्या लागतात. आमच्या सहा झाल्यात. सातव्याची बायको घाबरलीय. उद्या रात्री ड्यूटी संपवून आबांना घेऊन त्यांच्या घरी जाणार आहे.