नोकरी, पीएच.डी. आणि ऊसतोडीचा हंगाम

नोकरी न सोडता समुपदेशनात पीएच.डी. करायची आहे, असं म्हणत बऱ्याच मुली माझ्याकडे येतात. कुणी शाळेत समुपदेशक असते, कुणी दवाखान्यात, कुणी एखाद्या संस्थेत. त्यांना मी आधी एकच विचारते : तुमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या माणसांवरच संशोधन करायचं मनात आहे का? बहुतेकींच्या मनात तेच असतं, कारण ते सोयीचं दिसतं. माणसं समोर आहेत, ओळख आहे, वेगळा वेळ काढावा लागत नाही. मी मात्र ते करायचं नाही असं सुरुवातीलाच ठरवलं होतं. पुढचं सगळं त्या ठरवण्यातून घडलं, म्हणून हे लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. १० ते १९ वर्षांची मुलंमुली आमच्याकडे येतात. नोकरी कंत्राटी. दसरा-दिवाळीच्या आसपास आमच्या भागातली गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी मजुरांच्या टोळीबरोबर कोल्हापूर, सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. लहान लेकरं सोबत जातात, शाळेत जाणारी आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आईबाप नसताना ही मुलं मन कसं सांभाळतात, कुणाचा आधार घेतात, हा माझा विषय. मानसशास्त्र विभागात, अर्धवेळ.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण माणसं तिथेच अडतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीत अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट परवानगी आहे. पण नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि नुसतं ‘हरकत नाही’ लिहून भागत नाही. त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात : अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामाचं स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल असं आहे, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएच.डी.तल्या वर्गातल्या अभ्यासक्रमासाठी, कामातून मोकळं केलं जाईल. मी मसुदा स्वतः तयार करून नेला. साहेबांनी वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. कोरं पत्र मागितलं असतं तर ते टेबलाटेबलावर फिरत राहिलं असतं.

माझी पीएच.डी. ‘हायब्रिड’, म्हणजे थोडी ऑनलाइन, थोडी समक्ष झाली; त्याचा नेमका अर्थ काय, हेही समजून घ्या. दूरशिक्षणाने किंवा पूर्ण ऑनलाइन पीएच.डी. आपल्याकडे चालत नाही. परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून ऑनलाइन पीएच.डी. विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींना भुलू नका, असं यूजीसी आणि एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. आमच्यात हायब्रिड होतं ते एवढंच : कोर्सवर्कच्या काही तासिका आणि मॅडमशी, म्हणजे माझ्या गाईडशी, होणाऱ्या चर्चा गूगल मीटवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर. प्रवेश, हजेरी, परीक्षा, दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणं, हे सगळं समक्ष. कोर्सवर्कला किमान १२ क्रेडिट लागतात. संशोधन पद्धतीबरोबर संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हा विषय त्यात असतो. तो नीट शिका, पुढे त्यावरच सगळं उभं राहतं.

बीडहून संभाजीनगरला विद्यापीठात जायला गेवराईमार्गे एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा माझ्यासारखीला खरा आधार झाला. येता-जाता वाचन व्हायचं. रात्री जेवणं उरकली की मॅडमशी बोलणं. रेंज गच्चीवरच यायची, म्हणून वही, टॉर्च घेऊन तिथेच बसायचे. सासूबाई मुलाला झोपवायच्या. त्यांच्याशिवाय हे झालं नसतं, हे मी प्रबंधातही लिहिलं आहे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या क्लिनिकमध्ये येणारी मुलगी माझ्यावर विश्वास ठेवून बोलते. तिचं दुखणं हलकं करणं हे माझं काम. तिच्याच बोलण्याची मी माहिती म्हणून नोंद करायला लागले, तर ती नाही म्हणू शकेल का? उद्या पुन्हा माझ्याकडेच यायचं असेल तर नाहीच म्हणू शकणार. म्हणून माझा तालुका मी पूर्ण वगळला आणि पाटोदा, शिरूर कासार, धारूर या तालुक्यांतली वसतिगृहं घेतली. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. मेहनत वाढली, सुट्टीचे दिवस गेले, पण मुलं मोकळेपणी हो किंवा नाही म्हणू शकली.

संमतीचा प्रश्न त्याहून अवघड. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि मुलाची स्वतःचीही. १२ वर्षांवरच्यांची लेखी, ७ ते १२ वयाच्यांची तोंडी. आणि पालक तर हंगामभर उसाच्या फडात! त्यामुळे माझं वेळापत्रक विद्यापीठाने नाही, कारखान्यांनी ठरवलं. संमतीपत्रं टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याअगोदर गावोगाव जाऊन घ्यायची. मुलाखती मुलं वसतिगृहात असताना. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की आईबाप परत येणार, मग त्यांना भेटायचं. एक दसरा हुकला तर अख्खं वर्ष गेलं. नीतिमत्ता समितीची मंजुरी त्याआधी हातात हवी, म्हणून माझी सगळी घाई उन्हाळ्यात असायची.

संमतीपत्र मी बोलीत वाचून दाखवायचे. अंगठा देणाऱ्यांच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हवा, तो बहुधा अंगणवाडीताई. एका आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाई, अंगठा देते, पण पोराला रडवू नको. त्याची माय फोनवर बोलली तरी दोन दिस जेवत न्हाई त्यो.” ते मी वहीत तसंच उतरवलं आणि मुलाखतीचे प्रश्न पुन्हा लिहायला बसले. आईच्या आठवणीपासून सुरुवात होती, ती काढली. आधी शाळा, मित्र, खेळ, आणि मूल स्वतः तिकडे वळलं तरच पुढे.

आणि धारूरकडचा एक मुलगा. सहभाग तुझ्या मर्जीवर आहे, नाही म्हणालास तरी चालेल, असं मी सांगून झालं होतं. त्याने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, “मॅडम, नाही म्हणलं तर हॉस्टेलातून काढतेत का?” मी पेन खाली ठेवलं. वसतिगृह सांभाळणाऱ्या सरांना बोलावलं आणि त्यांच्याच तोंडून त्याला सांगायला लावलं की याचा राहण्या-जेवणाशी काही संबंध नाही. मग तो नाही म्हणाला. खेळायला पळाला. मला फार बरं वाटलं, कारण त्याचं नाही खरं होतं, म्हणजे बाकीच्यांच्या होकारालाही अर्थ होता. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी हे वाक्य सर किंवा ताईंनी मुलांसमोर आधी म्हणायचं, मगच मी बसायचं, असा क्रम केला.

आणखी एक गोष्ट समुपदेशकाने विसरू नये. ‘तू सांगशील ते कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द मुलाला देऊच नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचार कळला तर तो कळवणं बंधनकारक आहे, संशोधक असलात तरी. हे मुलाला आधी, त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं. कुणी फार खचलेलं दिसलं तर मुलाखत तिथेच थांबवायची. मी त्यांची समुपदेशक नव्हते, म्हणून त्या तालुक्यातल्या समुपदेशकाशी आधीच बोलून ठेवलं होतं, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावला.

पुढचं थोडक्यात. ध्वनिमुद्रणं शब्दशः उतरवायला अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि बाहेरून टाइप करून घेणं मला पटलं नाही. लेकरांचे आवाज आहेत ते. मुदतीची काळजी असणाऱ्या मुलींना सांगते : किमान तीन, कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते. ही सवलत घ्यायला संकोच करू नका.

प्रबंध आता बाहेरच्या परीक्षकांकडे आहे. या पदवीने माझ्या मानधनात काही फरक पडणार नाही, हे मला नोंदणी करतानाच माहीत होतं. सध्या मी निष्कर्षांचं दोन पानी मराठी टिपण तयार करते आहे : फोन आल्यानंतरचा तास मुलाला एकटं सोडू नये, फोनची वेळ शक्यतो जेवणानंतर ठेवावी, एवढ्या साध्या गोष्टी. यंदा टोळ्या निघायच्या आत ते त्या सगळ्या वसतिगृहांत द्यायचं आहे. धारूरच्या सरांनी आत्ताच मागून घेतलं.