न चाखता पंधरा किलो वांग्यांचं भरीत

चंपाषष्ठीला भरिताच्या ऑर्डरी येतात, त्यात नवल काही नाही. चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण सोडलेली मंडळी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाला भरीत आणि बाजरीचे रोडगे दाखवतात आणि मगच ते पुन्हा खायला लागतात. मी पुण्यात घरून स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. त्या दिवशी माझ्याकडे दुसरं काही शिजतच नाही. ही ऑर्डर साठ पानांची होती. अट एकच, पण भलतीच: सगळंच्या सगळं भरीत नैवेद्याचं, त्यामुळे देवाला दाखवेपर्यंत कुणी बोटसुद्धा चाटायचं नाही.

न चाखता आमटी करता येते, पोहे करता येतात. भरिताचं तसं नाही. प्रत्येक वांग्यात पाणी वेगळं, बी वेगळं, आणि भाजताना पाणी किती उडालं ते वरून दिसत नाही. म्हणून जिभेचं काम वजनकाटा, सुरी, नाक आणि डोळे यांच्यात वाटून द्यावं लागलं. त्या दिवसाचा हिशेब इथे सविस्तर देते, कारण घरी एक किलोचं भरीत करतानाही तो तसाच लागू पडतो.

चाखण्यासारखं जे होतं ते आदल्या रात्रीच चाखून घेतलं. मिरचीचा तिखटपणा, शेंगदाणे खवट नाहीत ना, सुकं खोबरं वास मारत नाही ना. यातली एखादी मिरची, चार दाणे खाल्ले म्हणून नैवेद्याला बाध येत नाही. एकाच ढिगातल्या मिरच्याही सारख्या तिखट नसतात, म्हणून वेगवेगळ्या तीन-चार मोडून पाहिल्या. भरिताला पोपटी रंगाची, लांबट, कमी तिखट मिरची बरी. गडद हिरवी बारकी मिरची घेतली तर ती निम्मीच घालावी लागते, आणि मग भरिताला मिरचीची चव न येता नुसता जाळ येतो.

पहाटे वांगी आली आणि खरी पंचाईत तिथे झाली. मागवली होती सगळी जळगावकडची हिरवी: लांबट, पांढरट रेघांची, एकेक तीनशे-चारशे ग्रॅमचं. यावल तालुक्यातलं बामणोद या वांग्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. साल पातळ, बी कमी, गर लोण्यासारखा. पण आली नऊच किलो. उरलेली सहा किलो व्यापाऱ्याने परस्पर जांभळी गोल वांगी भरून दिली. मदतीला येणाऱ्या मावशींनी एक हातात घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, हे बियाळ आहे. दगडासारखं जड लागतंय."

मावशींचं बरोबर होतं. भरिताचं वांगं आकाराच्या मानाने हलकं हवं. आतला गर स्पंजासारखा असतो, त्यात हवा भरलेली असते. वांगं जून होत जातं तसं बी भरतं आणि वजन वाढतं. साल तकतकीत, देठ हिरवा आणि काटे टोकदार असले की ते ताजं. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा भरून आला तर कोवळं, तसाच राहिला तर जून. वांग्याच्या बुडाशी गोल खूण असली तर नर आणि चिरेसारखी असली तर मादी, असं मंडईत सांगतात. त्यावर जाऊ नका. वांग्याच्या फळात नर-मादी नसतं.

दुसरी भीती अळीची. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्यात लहानपणीच शिरते आणि शिरल्याची जागा भरून येते, त्यामुळे बाहेरून बरेचदा काही दिसत नाही. मोठं भोक दिसलं तर अळी बाहेर पडून गेलेली असते, घाण मात्र आतच राहते. एरवी मी अख्खं वांगं भाजते आणि सोलताना पाहते. नैवेद्याला तो धोका पत्करता येत नाही. जांभळ्या वांग्यांपैकी प्रत्येकाला बुडापासून देठाच्या दोन बोटं अलीकडपर्यंत उभी चीर दिली, उघडून आत पाहिलं आणि पुन्हा मिटवलं. अशी चीर दिली की भाजताना थोडा रस गळतो, पण आतून भाजणं सोपं होतं. सव्वा किलोच्या आसपास वांगी किडकी निघाली, ती बाजूला केली. हिरव्यांना चिरा दिल्या नाहीत. त्यांची भोकं तपासली आणि सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोचलं. टोचणं विसरायचं नाही. आत वाफ कोंडली की वांगं फुटतं आणि निम्मा गर जाळावर जातो.

हिरवी वांगी मागच्या अंगणात, विटांच्या चुलीवर तुराट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजली. खानदेशात कपाशीच्या काड्याही वापरतात, पण कपाशीवर फवारण्या फार होतात म्हणून मी तुराट्याच घेते. तुराटी पटकन पेटते, मोठी ज्वाळा देते आणि लवकर विझते. भरिताला नेमकं हेच लागतं. ज्वाळेने साल करपते, मागून निखाऱ्याची मंद धग आतपर्यंत जाते, आणि लाकडाच्या धुराचा वास गरात उतरतो. चारशे ग्रॅमच्या वांग्याला अठरा-वीस मिनिटं लागली. दर तीन-चार मिनिटांनी चिमट्याने देठ धरून पाव वळसा द्यायचा. पोटात चिमटा खुपसला तर रस गेलाच म्हणून समजा.

जांभळी वांगी गॅसवर जाळी ठेवून, मध्यम आचेवर भाजली. गॅसवर सगळे घाई करतात. आच मोठी ठेवली की पाच मिनिटांत साल काळी होते आणि वांगं झालं असं वाटतं, पण मध्ये दोन बोटं जाडीचा भाग कच्चा असतो. हा कच्चा भागच भरिताचा शत्रू. कच्च्या वांग्यात हवा लागली की काळं पाडणारं एन्झाइम असतं. ते तापून निकामी व्हावं लागतं. अर्धकच्च्या भागात ते निकामी होत नाही, आणि म्हणून तासाभरात भरीत करडं-काळं पडतं. लोक तव्याला किंवा कढईला दोष देतात. शिवाय कच्चा गर तेल पिऊन टाकतो. पूर्ण भाजलेल्या गरात हवेच्या पोकळ्या मोडलेल्या असतात, त्यामुळे तेल बाहेर राहतं, चकाकी देतं.

झालं की नाही हे देठाजवळ पाहायचं. तो भाग सगळ्यात शेवटी शिजतो. देठाच्या खाली सुरी घातली आणि ती अडखळली नाही, तिथून रस बुडबुडत बाहेर आला, वांगं जाळीवर पसरलं, तर उतरवायचं. गोल वांग्याचं बूड आणि देठ उरतातच, म्हणून शेवटची तीन मिनिटं त्याला देठावर उभं करायचं. साडेतीनशे ग्रॅमच्या वांग्याला गॅसवर पंधरा मिनिटांच्या आत पूर्ण भाजलेलं मी पाहिलेलं नाही. ओव्हन असेल तर २२० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. गर उत्तम होतो, पण धूर नाही. त्याला शेवटी निखाऱ्यावर तूप टाकून धुंगार द्यायचा, झाकण तीन मिनिटंच. जास्त ठेवलं तर तोंडात राखेची कडसर चव रेंगाळते.

भाजलेली वांगी पातेल्यात झाकून दहा मिनिटं ठेवली. आतली वाफ साल सुटी करते आणि उरलंसुरलं शिजवते. मग बोटं पाण्यात बुडवत सोलायचं. वांगं मात्र नळाखाली धरायचं नाही. नव्याने शिकलेले नेमकं हेच करतात, कारण करपलेल्या सालीचे कण पटकन जातात. त्याबरोबर धुराचा वासही जातो आणि गरात पाणी भरतं. दोन-चार काळे ठिपके राहिले तर राहू द्या. मोठे पापुद्रे मात्र वेचून काढा, कडूपणा त्यांच्यात असतो.

इथे पुन्हा जिभेची उणीव भासली. जून वांगं कडू आहे का, ते एरवी चिमूटभर खाऊन कळतं. आता बी बघायचं ठरवलं. पांढरट, मऊ बी चालतं. तांबूस-तपकिरी आणि बोटाखाली कचकचणारं बी कडू असण्याची शक्यता जास्त. जांभळ्या वांग्यांतून अशा बियांचे पट्टे चमच्याने खरवडून काढले. माल कमी झाला, पण देवापुढे कडू भरीत ठेवण्यापेक्षा कमी भरीत बरं. एरवीही मी हेच करते, फक्त इतक्या निर्दयपणे नाही.

मग सगळा गर चाळणीत, पातेलं तिरकं करून, पंधरा मिनिटं निथळत ठेवला. खाली जमलेलं पाणी हिरव्यांचं सोनेरी, धुराच्या वासाचं होतं. ते चार चमचे राखून ठेवलं. जांभळ्यांचं गडद होतं, ते ओतून दिलं. वजन केलं: नऊ किलो हिरव्यांचा गर ५.६ किलो, पावणेपाच किलो जांभळ्यांचा जेमतेम २.५ किलो. एकूण ८.१ किलो. एक किलो चांगल्या वांग्याचा सोललेला, निथळलेला गर ६०० ते ६५० ग्रॅम भरतो. त्याहून बराच जास्त भरला तर समजा की वांगं कमी भाजलंय.

मीठ या वजनावर काढलं, किलोला १२ ग्रॅम, म्हणजे ९७ ग्रॅम. कच्च्या वांग्यावर मिठाचा अंदाज करणारे फसतात ते इथेच. वजन केलेलं मीठ एका वाटीत घेतलं आणि मिरची-लसणाच्या ठेच्यात जे लागलं ते त्याच वाटीतून घेतलं. दोन ठिकाणांहून मीठ पडलं की हिशेब संपला.

गर लाकडी बडगीत मुसळीने ठेचला. घरी परातीत, तांब्याच्या बुडाने किंवा हाताने चालतं. मिक्सर नको. त्यात बी फुटतं, गर चिकट होतो आणि रंग मळतो. तंतू दिसले पाहिजेत, पण गुठळी बोटाला लागता कामा नये.

फोडणीचं प्रमाण गराच्या किलोमागे सांगते: शेंगदाण्याचं तेल ९० मिली, मिरच्या ८० ग्रॅम, लसूण ४० ग्रॅम, शेंगदाणे ६० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप ३० ग्रॅम, कांद्याची पात १५० ग्रॅम, एक चमचा जिरं, मूठभर कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला तर नाहीच. हिरव्या वांग्याचं भरीत पिवळं करून काय मिळवायचं ते मला कळत नाही. तेल कमी करता येईल का, असं हमखास विचारतात. येईल, ६० मिलीपर्यंत. त्याखाली भरीत घशात बसतं.

मिरच्या निखाऱ्यावर डाग पडेपर्यंत भाजून लसूण-जिऱ्याबरोबर जाडसर ठेचल्या. तेलात आधी शेंगदाणे, ते तडतडायला लागले की खोबरं, कारण खोबरं अर्ध्या मिनिटात करपतं. मग पातीचे पांढरे कांदे, ठेचा, आणि शेवटी गर. मंद आचेवर पाच मिनिटं, कडेने तेल सुटेपर्यंत. गर नीट निथळलेला नसला तर तेल आत न मिसळता वर तरंगतं आणि कितीही परतलं तरी तसंच राहतं. मग आचेवरून उतरवून हिरवी पात आणि कोथिंबीर. पात आदल्या रात्री धुऊन कापडावर कोरडी केलेली होती. ओली पात घातली तर अर्ध्या तासात भरिताच्या कडेला पाणी दिसतं.

आम्ही जांभळ्यांचा गर वेगळा ठेवला नाही. तुराट्यांवरच्या हिरव्यात मिसळला, म्हणजे धूर सगळ्यांत वाटला गेला. पात आणि फोडणी धरून अकरा किलोच्या वर भरीत झालं, पानाला पावणेदोनशे ग्रॅमपेक्षा थोडं जास्तच. ते पसरट पातेल्यात, वर मलमलीचं फडकं टाकून पाठवलं. गरम भरीत घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं की झाकणाचं पाणी त्यातच पडतं. साडेअकराला नैवेद्य झाला, तळी भरली गेली, आणि दुपारी फोन आला. मिठाला बरोबर होतं. एका आजोबांच्या मते मिरची थोडी चालली असती. तो त्यांचा अधिकार.

कांद्याची पात घातलेलं भरीत सकाळी केलं तर दुपारीच संपवावं. संध्याकाळपर्यंत पात मरते आणि उग्र वास सुटतो. थोडं उरणार हे आधी माहीत असेल तर ठेचलेला गर तेवढा बाजूला काढून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी खायच्या वेळी फोडणी आणि पात घाला, मीठही तेव्हाच, वजनावर.